समुद्रात गेलेला ओटा

"माझ्या झावळ्या कुठं गेल्या?" मब्रूकाने अंगणातून हाक मारली, तेव्हा तिचा नवरा ख्मैस ओट्यावर बसून दुसरा चहा ओतत होता. आपल्याला ऐकू आले नाही असे त्याने दाखवले. संसार जुना झाला की माणसाला एवढी कला येतेच.

"अरे माणसा, तुला विचारतेय मी! भिंतीला टेकवून ठेवला होता अख्खा भारा. खजुराच्या चांगल्या निवडून आणलेल्या झावळ्या. चुलीवर छप्पर घालायचं होतं मला."

"सरकारी कामाला लागल्या."

"सरकारला झावळ्या कशाला लागतात?"

"सरकारला खुंट्या लागत होत्या. लाल रंगाच्या, खास राजधानीतून बोटीने आलेल्या. त्या खुंट्यांचं काय झालं ते जरा तूच सांग."

यावर मब्रूका एकदम मवाळ झाली. कारण त्या लाल खुंट्या मागच्या अंगणात ओळीने उभ्या होत्या आणि त्यांच्यावर ऑक्टोपस वाळत होते. तिच्या एकटीच्या अंगणात नव्हे हो, आमच्या रास जरीद गावाच्या प्रत्येक अंगणात! उंच, गुळगुळीत, कुजणार नाहीत अशा खुंट्या सरकारने घरपोच पाठवल्यावर कर्कना बेटावरची कुठली बाई त्या वाळूत पुरून ठेवील? ऑक्टोपस वाळवायला असे लाकूड शोधून मिळत नाही.

पण खुंट्या आल्या होत्या त्या ऑक्टोपससाठी नाही. त्या आल्या होत्या रेषेसाठी. किनारा सांभाळायच्या कामावर असलेली सिहेमबाई वसंताच्या सुरुवातीला राजधानीहून आली होती. शाडलीच्या कॉफीच्या दुकानात तिने नकाशा पसरला आणि साऱ्या गावाला सांगितले, "रेषा तुम्हीच ठरवा. रेषेच्या समुद्राकडच्या बाजूला सिमेंटचा कणही नको, जुनं असेल तेही काढायचं. मागच्या बाजूला बैठी घरं बांधा, दगडाची, चुन्याची, झावळ्यांच्या छपरांची. पाहुणे ठेवा, त्यांना जेवू घाला, पण गाव गावासारखं राहू द्या. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या गुरुवारी येऊन मी तुमची रेषा बघेन आणि शिक्का मारेन."

"आणि नाही ठरली तर?" कोणीतरी विचारले. बाईने नुसते खिडकीबाहेर बघितले. बाहेर मुख्य भूमीवरचा एक बांधकामवाला काळा चष्मा लावून आमचा किनारा नजरेने मोजत उभा होता. त्याच्या मनातले हॉटेल आमच्या मशिदीच्या मनोऱ्याहून उंच होते. रेषा नसेल तर किनारा मोकळा आणि किनारा मोकळा असेल तर तो त्याचा, एवढे न सांगता सगळ्यांना समजले.

तेव्हा रेषा हवीच यावर गावाचे एकमत झाले. ती शेजाऱ्याच्या दारातून जावी यावरही एकमत झाले. वाद होता तो फक्त शेजारी कोण याचा. शाडलीला दुकानापुढे सिमेंटचा मांडव घालायचा होता, त्याच्या मेव्हण्याला पाहुण्यांसाठी खोल्या काढायच्या होत्या, प्रत्येकाचे काही ना काही होते. जो तो रेषेला पाण्याकडे ढकलू लागला. शेवटी ती पाण्याच्या इतकी जवळ गेली की तिला पोहता येत असते तर बरे झाले असते. मग कंटाळून सगळ्यांनी हो म्हटले आणि रेषा जमिनीवर आखायचे काम गावाच्या किनारा संघाचा प्रमुख म्हणून ख्मैसच्या गळ्यात पडले.

काम ख्मैसच्या अभिमानाचे होते. "मी आखलेली रेषा म्हणजे रेषा," असे त्याने मेजावर मूठ आपटून सांगितले होते. पण खुंट्यांवर ऑक्टोपस, आणि गुरुवार आलेला तोंडावर. मग त्याने मंगळवारी दुपारी मब्रूकाच्या झावळ्या उचलल्या, कमी पडल्या तेव्हा आणखी चार अंगणांतल्या उचलल्या आणि किनाऱ्याच्या वाळूत रोवायला सुरुवात केली.

आता इथे एक गंमत आहे. कर्कन्याच्या माणसाच्या हातात झावळी द्या आणि म्हणा, बाबा रे, नुसती खूण म्हणून हिला रोव. त्याला ते जमायचे नाही. आमचे सगळे आयुष्य शरफिया लावण्यात जाते. उथळ समुद्रात झावळ्यांचे लांब कुंपण उभे करायचे, ओहोटीला मासा त्याच्या कडेकडेने चालत जातो आणि टोकाच्या गोल खोलीत अडकतो. ज्याच्या पणज्याने जिथे शरफिया लावली तेवढा समुद्र त्या घराचा. तिथे दुसऱ्याने पाय ठेवायचा नाही. ख्मैसचे हात लहानपणापासून तेच करत आलेले. त्याने झावळ्या रोवल्या त्या खेटून, किंचित तिरक्या, पाला पाल्यात गुंतवून. बोट शिरणार नाही इतक्या दाट.

सगळी रेषा सरळ निघाली होती. मग तो आपल्या ओट्यापाशी आला आणि थांबला.

या ओट्याबद्दल सांगायलाच हवे. परदेशातल्या गोदीत उमेदीची वर्षे घालवून परत आल्यावर ख्मैसने आयुष्यात एकच गोष्ट हौसेने बांधली, ती म्हणजे हा ओटा. सिमेंटचा, ऐसपैस, निळ्या रंगाचा कठडा, थेट समुद्रावर तोंड. संध्याकाळी तो तिथे बसून पत्ते खेळत असे आणि जाणाऱ्या-येणाऱ्या बोटींना ओरडून सल्ले देत असे. ठरलेली रेषा नेमकी या ओट्याच्या पाठीमागून जात होती. म्हणजे ओटा जाणार होता. बैठकीत मूठ आपटताना हे त्याच्या ध्यानात आले नव्हते, किंवा आले होते आणि त्याने तिकडे बघितले नव्हते.

ख्मैसने इकडेतिकडे पाहिले. किनाऱ्यावर कोणी नव्हते. त्याने झावळी उचलली आणि रेषेला थोडासा बाक दिला. एवढासाच. ओट्याला वळसा घालून, पाण्याच्या कडेने, गोल, आणि पुन्हा सरळ. मग हात झटकून तो घरी आला आणि त्याला गाढ झोप लागली.

पुनवेचे दिवस होते. पहाटे पूर्वेचा वारा उठला आणि समुद्र असा चढला की वर्षातून एखाद्या वेळीच चढतो. पाणी झावळ्या वाकवून त्यांच्यावरून आत आले, अंगणांमध्ये शिरले, शाडलीच्या दुकानाच्या पायरीला लागले आणि उजाडता उजाडता निघून गेले. मब्रूकाने दार उघडले आणि तिची किंकाळीच ऐकू आली.

"अरे माणसा, ऊठ! तुझ्या ओट्याखाली मासे नाचतायत!"

खोटे नव्हते ते. पाणी गेले होते, पण मासे जाऊ शकले नव्हते. पाण्याबरोबर आत आलेली बोय रेषेच्या मागे अडकली, कुंपणाच्या कडेकडेने चालत गेली आणि जिथे बाक होता तिथे येऊन साचली. ओट्याच्या पायाशी चांदीचा ढीग पडावा तशी ती तडफडत होती. थोडी थोडी बोय प्रत्येकाच्या अंगणातही राहिली होती, पण ख्मैसच्या ओट्याशी जे होते ते बघून बघणाऱ्याची शुद्ध हरपावी.

घटकाभरात सारे गाव टोपल्या घेऊन हजर.

"वा रे ख्मैस!" शाडली म्हणाला. "आम्ही समजलो तू रेषा आखतोयस. तू तर जमिनीवर शरफिया लावलीस!"

"शरफिया कसली? हात तसा चालतो माझा."

"हात चालतो हे दिसतंय. पण हा इथं बाक कसा आला? रेषा तर ओट्यामागून जायची होती."

"वारा होता," ख्मैस म्हणाला.

"वाऱ्याने झावळ्या उपटल्या, ओट्याला वळसा घातला आणि परत घट्ट रोवल्या? वल्ला, असा वारा माझ्या दुकानात नोकरीला ठेवीन मी."

हशा पिकला. ख्मैसचे कान लाल झाले. लबाडी माणसाने पकडली असती तर त्याने वाद घातला असता. माशांनी पकडल्यावर बोलणार काय? सगळे मासे त्या बाकाकडे बोट दाखवल्यासारखे तिथेच पडले होते.

पण लोकांना तूर्त बाकापेक्षा बोय महत्त्वाची होती. "झावळ्या माझ्या, म्हणजे मासे माझे," मब्रूका टोपली भरता भरता म्हणाली. "माझ्याही झावळ्या आहेत त्यात," शेजारीण ओरडली. "माझ्या पायरीला पाणी लागलं, माझे मासे," शाडली म्हणाला. आवाज चढले, एक टोपली उलटली, दोन मेव्हण्यांनी एकमेकांच्या गळपट्टीला हात घातला. मग कोणीतरी लल्ला शल्बियाला बोलावून आणले.

लल्ला शल्बिया गावातली सगळ्यात म्हातारी बाई. कोणाचा समुद्र कुठे संपतो आणि कोणाचा कुठे सुरू होतो हे तिने सांगितले की त्यावर शब्द नाही. ती काठी टेकत आली, मासे बघितले, झावळ्या बघितल्या, ओट्याला दिलेला बाक बघून ख्मैसकडे बघितले आणि खाली बसली.

"मासा सापडला ती जागा समुद्र आहे की घर आहे, एवढं आधी सांगा," ती म्हणाली.

"म्हणजे काय लल्ला?"

"सोपं आहे रे. घराच्या जागेत सापडलेला मासा म्हणजे वाट चुकलेला मासा. त्याच्यावर कोणाचा हक्क नाही, तो मशिदीत द्यायचा, गरिबांना. समुद्रात सापडलेला मासा ज्याच्या घराचा समुद्र त्याचा, आज आणि पुढंही. बोला. तुझं अंगण काय आहे, शाडली? समुद्र की घर?"

शाडलीने एकदा पायरीकडे बघितले, एकदा परातीएवढ्या बोयीकडे. "समुद्र!" तो छातीवर हात मारून म्हणाला. "माझा पणजा याच जागेवर उभा राहून बोय धरायचा. आजी सांगायची मला. अस्सल समुद्र आहे हा."

"आणि मांडव घालणार होतास तो?"

"समुद्रात कोणी मांडव घालतं का लल्ला?"

झाले. बांध फुटला. कालपर्यंत जे लोक रेषेला पाण्यात ढकलत होते, ते आता तिला स्वयंपाकघरापर्यंत ओढायला लागले. "आमच्या विहिरीपर्यंत समुद्र होता!" "तुमच्या विहिरीपर्यंत? आमच्या तर अंजिरापर्यंत! त्या अंजिराला बोट बांधायचा माझा आजा!" पाहुण्यांच्या खोल्या काढणाऱ्या मेव्हण्याने पाया खणलेला खड्डा दाखवून शपथेवर सांगितले की यात त्याने स्वतः माकूळ पकडले आहे. आणि खरे सांगायचे तर त्यातले पुष्कळसे खरेच होते. आमच्या लोकांनी समुद्रावरच घरे सरकवत नेली होती आणि मग ते विसरून गेले होते. त्या सकाळी जुने पूर्वज एकेक करून वर आले, प्रत्येकाच्या हातात मासा. ऐकताना आमचीही छाती फुगली.

राहिला ख्मैस.

"तुझं काय रे?" लल्ला शल्बियाने विचारले. "ओट्याची जागा समुद्र की घर?"

ख्मैसने ओट्याकडे बघितले. निळ्या कठड्यावर त्याचा चहाचा पेला अजून तसाच होता. समुद्र म्हटले तर ओटा गेला. घर म्हटले तर मासे गेले, आणि मासे गेल्याचे दुःख नव्हते, पण बाक का दिला ते साऱ्या गावापुढे कबूल केल्यासारखे झाले असते. 

"मला मासे नकोत," तो हळूच म्हणाला. "गरिबांना द्या."

 शाडलीने डोक्यावरची लाल टोपी काढली आणि पुन्हा घातली. "कर्कन्याचा माणूस मासे नको म्हणतोय! याला ताप आलाय का बघा रे कोणी."

"ताप नाही. हे घर आहे माझं. समुद्र नाही."

इतक्यात घराच्या आतून वास आला. लसूण, टोमॅटो, मिरचीचा हरिसा आणि त्यात शिजणारी ताजी बोय. सगळ्यांची नाके एकदम तिकडे वळली. मब्रूका टोपली घेऊन केव्हाच आत गेली होती. तिने मासे साफ केले होते, वाफेवर ठेवलेल्या कुसकुसाखाली रस्सा उकळत होता आणि ती चमच्याने चव बघत दारात आली.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली. "काय झालं? सगळे असे काय बघताय?"

लल्ला शल्बिया काठीच्या आधाराने उठली. "खाल्ला?"

"चाखला."

"मग झालं. जो मासा घरच्या बाईने चाखला तो हक्काने चाखला. ही जागा समुद्र आहे." आणि ती निघून गेली.

ख्मैस ओट्याच्या कडेला मटकन बसला. मब्रूकाला काय झाले ते कळायला वेळ लागला आणि कळले तेव्हा तिचा चमचा खाली आला. "अरे, मला काय ठाऊक?" ती त्याच्याजवळ बसून म्हणाली. "इतका जीव होता त्याच्यावर, तर सांगायचं नाही का मला?"

"काय सांगू? मी प्रमुख आहे. मूठ आपटली होती मी."

 मग त्याने पेला उचलून मब्रूकाच्या हातात दिला, मागे जाऊन घण आणला आणि पहिला घाव स्वतः घातला. निळा कठडा तुटून पडला. दुसरा घाव शाडलीने घातला. तिसऱ्यापासून साऱ्या गावाने घातले, आणि इतक्या उत्साहाने, की ख्मैसला मध्येच थांबून ओरडावे लागले, "अरे हळू! दुःख आहे मला, जरा दुःख करू द्या!"

संध्याकाळपर्यंत ओटा नव्हता. झावळ्या उपटून लोकांनी पाणी जिथवर पोचले होते त्याच्याही मागे नेऊन रोवल्या. विहिरीमागे, अंजिरामागे, दुकानाच्या पायरीच्या मागे. प्रत्येकाने आपल्या हाताने, आपल्या अंगणात, घट्ट आणि तिरक्या. आज रात्री पाणी परत चढणार होते आणि उद्या सकाळी कोणाच्या समुद्रात किती मासे येतात यावर आत्तापासून पैजा लागल्या.

पण वारा पडला होता. रात्री पाणी आले ते किनाऱ्यावर रेंगाळून परत गेले. "दुपारी चढेल," सगळे म्हणाले. आणि गुरुवारी दुपारी, सिहेमबाई बोटीतून उतरून चालत येत असताना, पूर्वेचा वारा खरोखरच उठला.

बाई आली आणि उभीच राहिली. "हे काय?" ती म्हणाली. "ही तुमची रेषा?"

"हो," ख्मैस म्हणाला.

"पण ही तर गावाच्या आतून चाललीय! मी मागितली होती त्याच्या दुप्पट जागा सोडलीत तुम्ही. आणि ते सिमेंट? तो ओटा होता इथं एक निळा."

"समुद्रात होता तो," ख्मैस घोगऱ्या आवाजात म्हणाला. "काढला."

बाईचे डोळे भरून आले. तिने तिथेच पिशवीतून शिक्का काढला आणि कागद शाडलीच्या पाठीवर ठेवून मारला. काळ्या चष्म्याचा बांधकामवाला दुरून बघत होता, तो वळून बोटीकडे चालू लागला. कोणीतरी शिट्टी वाजवली. ओट्याच्या जागी मब्रूकाने चटई पसरली होती, तिथे ख्मैसने बाईला बसवले आणि चहा दिला.

पाणी चढू लागले. हळूहळू वाळूवरून, अंगणांवरून, चटईला भिजवून पुढे. सारे गाव आपापल्या झावळ्यांमागे टोपल्या घेऊन उभे. पाणी आले, अंजिरापर्यंत आले, पायरीपर्यंत आले आणि झावळ्यांच्या अलीकडे वीतभर थांबले. थांबले आणि परत फिरले. आणि पाण्यातली बोय पाण्याबरोबर, अगदी निवांत, शेपटी हलवत परत गेली.

 शाडलीचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "अरे," तो पुटपुटला. "कुंपण पाण्याच्या मागे घातलं, तर मासा अडेल कशाला?"

पिढ्यान्‌पिढ्या शरफिया लावणारे आम्ही! समुद्राने आमच्याकडून शिकावे अशी आमची ख्याती! आणि साऱ्या गावाने मिळून, शपथा घेऊन, पूर्वज उठवून कुंपण लावले ते जिथे पाणी पोचत नाही तिथे. मुख्य भूमीवरच्या वाळवंटातल्या उंटवाल्यानेही अशी चूक केली नसती. प्रत्येकाने शेजाऱ्याकडे बघितले आणि प्रत्येकाला शेजाऱ्याच्या डोळ्यात तेच दिसले.

"किती नेमकी रेषा!" सिहेमबाई उठून उभी राहत म्हणाली. "पाणी बरोबर तुमच्या झावळ्यांपाशी थांबलं. असं कुठंच बघितलं नाही मी. पण खरं सांगा, एवढी जागा समुद्राला देताना कोणालाच वाईट वाटलं नाही? कोणी काही मागितलं नाही बदल्यात?"

शाडलीने तोंड उघडले. ख्मैसने त्याच्याकडे असे बघितले की ते तसेच मिटले. मग शाडलीने आपली रिकामी टोपली अलगद पाठीमागे लपवली. त्याच्या मेव्हण्याने लपवली. बघता बघता किनाऱ्यावरच्या सगळ्या टोपल्या पाठीमागे गेल्या.

"बदल्यात?" शाडली म्हणाला, आणि त्याचा आवाज दुखावला गेल्यासारखा होता. "बाई, आम्ही कर्कन्याची माणसं. समुद्राचं समुद्राला दिलं. त्यात मागायचं काय?"

"मागायचं काय!" सगळे म्हणाले. लल्ला शल्बिया काठीवर हनुवटी टेकून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते.

मब्रूका ख्मैसच्या कानाशी वाकली. "अरे माणसा, मासा अडणार नाही हे तुला तरी ठाऊक होतं का?"

ख्मैस पाण्यात पाय सोडून बसला होता. समोर मोकळा किनारा होता, कुठे सिमेंट नाही, कुठे कठडा नाही, लहानपणी होता तसा. एक बोय त्याच्या घोट्याला घासून गेली.

"मी प्रमुख आहे," तो ताठ बसत म्हणाला. "चहा ओत."